बॉल तिकडे, फाऊल इकडे: नव्या रेफरीने काय करायचं?

फुटबॉलमधल्या बहुतेक फाऊलचा निर्णय फार अवघड नसतो, कारण बॉल, दोन खेळाडू आणि तुमची नजर एकाच ठिकाणी असते. पंचाईत होते ती बॉल 40 मीटर पुढे निघून गेल्यावर मागे कोणीतरी कोणाच्या बरगडीत कोपर घालतो तेव्हा. कधी एकाच संघातले दोघे एकमेकांची कॉलर धरतात, कधी बेंचवरचा राखीव खेळाडू टचलाइनवरून पाय आडवा घालतो, कधी कोणी शिनगार्ड काढून भिरकावतो. असे प्रसंग रोज येत नाहीत. पण आले की दोन्ही बेंच उठून उभे राहतात, आणि नियम आठवायला हातात जेमतेम अर्धा मिनिट असतो.

माझ्या मते यात कार्डाचा रंग ठरवणं हा त्यातल्या त्यात सोपा भाग. नव्या रेफरीची गडबड दोन ठिकाणी होते. एक तर प्रसंग मुळात दिसत नाही, आणि दिसला तर खेळ पुन्हा कुठून आणि कसा सुरू करायचा ते चुकतं. म्हणून खाली या दोन गोष्टींवर जास्त लिहिलं आहे. सगळा आधार आयएफएबीच्या, म्हणजे फुटबॉलचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या नियमपुस्तकाचा, आणि त्यातही मुख्यतः फाऊल आणि गैरवर्तनावरच्या बाराव्या नियमाचा.

पहिली पायरी: बॉलवरून नजर काढायला शिका

लांब किक बसली की मैदानावरची प्रत्येक मान वर जाते. तुमची जाऊ देऊ नका. हवेतल्या बॉलला काहीही होणार नसतं आणि तो साधारण कुठे पडणार हे किकच्या दिशेवरूनच कळतं. तेवढ्या दोन-तीन सेकंदांत एक कटाक्ष मागे टाका, जिथून किक मारली तिथे. उशिरा आलेला टॅकल, पावलावर मुद्दाम ठेवलेला स्टड, जाता जाता मारलेला खांदा, हे सगळं बॉल सुटल्यानंतरच्या सेकंदभरात उरकून घेतलं जातं. नंतर नजर पुढे, पण बॉलवर नाही. तो जिथे पडणार तिथे जागेसाठी झोंबणाऱ्या खेळाडूंवर.

धावतानाही खेळाडूंकडे पूर्ण पाठ करू नका. थोडं तिरकं, खांदा उघडा ठेवून धावलं की मागचं अर्धं मैदान डोळ्याच्या कोपऱ्यात राहतं.

आणि जोड्या लक्षात ठेवा. एखादा कडक टॅकल झाला, तुम्ही फ्री किक दिली, मार खाणारा उठला आणि काही न बोलता चालू लागला, तर पुढची दहा मिनिटं त्या दोघांवर लक्ष असू द्या. जो आरडाओरडा करतो त्याचा राग तिथेच निघून गेलेला असतो. गप्प राहणारा नंबर डोक्यात ठेवतो आणि बॉल लांब जाण्याची वाट बघतो.

असिस्टंट रेफरी असतील तर सामन्याआधीच कामं वाटून घ्या. असिस्टंट मागून दुसऱ्या बचावपटूच्या रेषेत राहतो, त्यामुळे तुम्ही बॉलमागे पलीकडच्या अर्ध्यात गेलात तरी मागे उरलेला डिफेंडर आणि स्ट्रायकर त्याच्या समोरच असतात. त्याला एवढंच सांगा: बॉल पलीकडे गेला की इकडची माणसं तुझी. दोन्ही बाजूंना क्लबचेच लोक झेंडा घेऊन उभे असतील तर मात्र त्यांच्याकडून बॉल बाहेर गेला की नाही एवढंच घ्या. फाऊलसाठी त्यांच्यावर विसंबू नका.

दुसरी पायरी: दिसलं नसेल तर ठरवू नका

मागे वळून बघता तर एकजण तोंड धरून आडवा, शेजारी दुसरा दोन्ही हात वर करून उभा, आणि बेंचवरून "लाल, लाल!" असा गिल्ला. या चित्रात फाऊल कुठेच नाही. फाऊल त्याआधी झाला, किंवा झालाच नाही. डोक्याला लागलं असण्याची शक्यता असेल तर खेळ थांबवा, उपचार मिळू द्या. पण कार्ड दाखवायचं तर ती कृती तुम्हाला किंवा तुमच्या नेमलेल्या सहकाऱ्याला दिसलेली हवी. रक्त दिसलं म्हणून मागचा प्रसंग मनाने जुळवायचा नाही.

2006च्या विश्वचषकाचा अंतिम सामना आठवा. बर्लिन, जादा वेळ, 110वं मिनिट. बॉल पुढे गेला होता आणि मागे फ्रान्सच्या झिदानने इटलीच्या मातेराझीच्या छातीत डोकं घातलं. रेफरी ओरासिओ एलिझोंदो यांना ते दिसलं नव्हतं. फोर्थ ऑफिशियल (टचलाइनजवळचे चौथे अधिकारी) लुइस मेदिना कांतालेखो यांनी पाहिलं होतं आणि त्यांनी ते कानातल्या यंत्रावरून सांगितलं. लाल कार्ड त्यावरच निघालं. स्वतः पाहिलेलं नसलं तरी सहकाऱ्याने पाहिलेल्या गोष्टीवर कारवाई करता येते. प्रेक्षकांच्या ओरडण्यावर नाही. याच्या उलट 2014च्या विश्वचषकात ब्राझीलमधल्या नातालला उरुग्वेच्या सुआरेझने इटलीच्या किएलिनीला चावा घेतला, तो मैदानावर कोणत्याच अधिकाऱ्याच्या नजरेत आला नाही. कार्ड निघालं नाही आणि खेळ पुढे गेला. नंतर फिफाने त्याला 9 आंतरराष्ट्रीय सामन्यांची आणि 4 महिन्यांची बंदी घातली. म्हणजे तुमच्या हातून सुटलेल्या प्रकाराची चौकशी नंतरही होऊ शकते. न पाहिलेल्यावर कार्ड दाखवून ती आधीच उरकायची गरज नाही.

असिस्टंटने झेंडा वर केला असेल तर त्याच्याकडे जा आणि खेळाडूंना लांब ठेवा. तिथे गप्पा नकोत, पाच उत्तरं हवीत. नीट तयारी केलेला असिस्टंट एका दमात सांगतो: "निळा 6. पांढऱ्या 9च्या तोंडावर मूठ मारली. बॉल खेळात होता. जागा निळ्यांच्या पेनल्टी एरियात, स्पॉटच्या डावीकडे. लाल." यातलं एक जरी उत्तर अडलं तरी पुन्हा विचारा. विशेषतः नंबर. चुकीच्या खेळाडूला बाहेर काढण्याइतकी वाईट गोष्ट या कामात दुसरी नाही.

झेंडा तुम्हाला उशिरा दिसला आणि दरम्यान थ्रो-इन होऊन खेळ सुरूही झाला, तर? असिस्टंटने खेळ सुरू होण्याआधी प्रसंग पाहून तुमचं लक्ष वेधायचा प्रयत्न केला असेल तर कार्ड आताही दाखवता येतं. पण त्या फाऊलची फ्री किक किंवा पेनल्टी मात्र गेली. व्हीएआर (व्हिडिओ बघून तपासणारा रेफरी) असलेल्या सामन्यांत हिंसक वर्तन, चावणं, थुंकणं यांची तपासणी खेळ पुन्हा सुरू झाल्यावरही होऊ शकते. तुमच्या पहिल्या शंभर सामन्यांत तो प्रश्न बहुधा येणार नाही.

तिसरी पायरी: शिट्टी लगेच की थांबून

हिंसक प्रकारात ॲडव्हान्टेज देऊ नका, म्हणजे फाऊल दिसूनही खेळ चालू ठेवू नका. अपवाद एकच, गोलची अगदी स्पष्ट संधी. स्ट्रायकर एकटा कीपरसमोर आहे आणि मागे त्याच्या सहकाऱ्याला कोणी थप्पड मारली, तर चाल पूर्ण होऊ द्या आणि बॉल खेळाबाहेर जाताच लाल कार्ड दाखवा. ते होण्याआधीच तो थप्पड मारणारा बॉल खेळायला किंवा प्रतिस्पर्ध्याला अडवायला आला तर तिथेच शिट्टी, त्याला बाहेर, आणि इनडायरेक्ट फ्री किक (जिच्यावरून थेट गोल करता येत नाही).

पुस्तकात ही सवलत आहे, पण नवख्याने ती जपून वापरावी. मार खाल्लेल्या खेळाडूला तुमचा ॲडव्हान्टेज समजत नाही. त्याला वाटतं रेफरीने बघून न बघितल्यासारखं केलं, आणि तो हिशेब स्वतः चुकता करायला निघतो.

चौथी पायरी: कृती किती गंभीर?

बॉलसाठीच्या झुंजीत आपण तीन पायऱ्या लावतो. निष्काळजीपणा असेल तर नुसती फ्री किक, बेपर्वाई असेल तर पिवळं, अवाजवी जोर असेल तर लाल. बॉल जवळ नसतानाही या पायऱ्या लागू होतात, पण "मी बॉलसाठी गेलो होतो" हा बचाव मुळातच उरत नाही. जोर अवाजवी असेल तर ते हिंसक वर्तन. तिथे फटका लागलाच पाहिजे असंही नाही. प्रयत्न पुरेसा आहे. हवेत फिरलेली मूठ चुकली म्हणून लाल कार्डाचं पिवळं होत नाही.

डोकं आणि चेहरा यांसाठी नियम आणखी स्पष्ट आहे. बॉलसाठी झुंज नसताना कोणी हाताने किंवा कोपराने मुद्दाम डोक्यावर-चेहऱ्यावर मारलं तर ते हिंसक वर्तनच, जोर अगदी नगण्य असेल तरच सूट. गालावर टेकवलेला तळहात आणि सणसणीत चपराक यांतला फरक तुम्हाला करावा लागतो, आणि तो जागेवरच करावा लागतो. पाठीवर किंवा छातीवर मारल्यास मात्र जोर मोजायचा. 2014च्या विश्वचषकात क्रोएशियाविरुद्ध कॅमेरूनच्या आलेक्स साँगने पुढे धावणाऱ्या मांझुकिचच्या पाठीत कोपर हाणलं. बॉल दोघांच्याही आवाक्यात नव्हता. रेफरी पेद्रो प्रोएन्सा यांनी थेट लाल दाखवलं, आणि त्यावर वाद घालायला जागाच नव्हती.

थुंकणं आणि चावणं यांत जोराचा प्रश्नच येत नाही, दोन्हींना सरळ लाल.

पण बॉलपासून लांबचा प्रत्येक फाऊल हिंसक नसतो. उलट सर्वांत जास्त दिसणारा प्रकार साधा असतो: धावणाऱ्याच्या वाटेत सरकून उभं राहणं. जागेवर आधीपासून उभा असलेल्याला तिथून हटायची सक्ती नाही, तो त्याचा हक्क आहे. पण बॉल खेळण्याच्या अंतरात नसताना कोणी मुद्दाम वाटेत आला तर तो अडथळा. अंगाला अंग लागलं तर डायरेक्ट फ्री किक, नाही लागलं तर इनडायरेक्ट. जर्सी ओढणं डायरेक्टमध्येच येतं. ओढायला सुरुवात पेनल्टी एरियाबाहेर झाली आणि आत आल्यावरही हात सुटला नाही, तर पेनल्टी. आणि त्या ओढण्यामुळे गोलची स्पष्ट संधी हुकली असेल तर पेनल्टी दिली तरी कार्ड लालच राहतं, कारण ओढणाऱ्याचा बॉल खेळायचा प्रयत्नच नव्हता.

ऑफसाइडला उभ्या खेळाडूचंही एक कोडं आहे. तो बॉलकडे निघाला, पण बॉल खेळण्याआधी किंवा कोणाशी झुंजण्याआधीच डिफेंडरने त्याला पाडलं. इथे आधी फाऊल झाला, म्हणून फाऊलच द्यायचा.

पाचवी पायरी: खेळ पुन्हा कसा सुरू करायचा

शिट्टी मारली, दोघांना वेगळं केलं, कार्ड खिशातून काढण्याआधी दीर्घ श्वास घेतला. आता मनात क्रमाने चार प्रश्न विचारा. क्रम बदलू नका.

बॉल खेळात होता का? नसेल तर कार्ड दाखवा, पण खेळ आधी ठरला होता तसाच सुरू करा. कॉर्नर मारायच्या आधी डिफेंडरने स्ट्रायकरला मिठी मारून पाडलं तर पेनल्टी मिळत नाही. समज द्या किंवा पिवळं दाखवा, आणि कॉर्नर घ्यायला लावा. किक बसून बॉल हलल्यानंतर तीच मिठी पेनल्टी ठरते. म्हणूनच कॉर्नरच्या वेळी झोंबाझोंबी दिसली की किकच्या आधीच शिट्टी मारून त्या दोघांना बोलावून घेणं शहाणपणाचं.

जागा कुठली? फाऊलची, बॉलची नाही. नवख्यांची सगळ्यात मोठी गफलत इथेच होते. लाल संघ चाल करतोय, बॉल निळ्यांच्या गोलसमोर आहे. त्याच वेळी दुसऱ्या टोकाला लालचा कीपर स्वतःच्या पेनल्टी एरियात निळ्या स्ट्रायकरच्या तोंडावर कोपर मारतो. असिस्टंटचा झेंडा वर जातो. तुमचं लक्ष जाण्याआधी लालचा शॉट जाळ्यात! गोल द्यायचा का? नाही. गोल करणाऱ्या संघाने त्याआधी फाऊल केला असेल तर तो गोल धरला जात नाही. गोल रद्द, कीपरला लाल, आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाला निळ्यांना पेनल्टी. एक संघ नाचत असताना हे सांगायला छाती लागते, पण किकऑफ व्हायच्या आधी तुमच्याकडे दुसरा पर्यायच नाही. मात्र असिस्टंटने फाऊल गोलच्या आधी पाहिला याची खात्री त्याच्याजवळ जाऊन करून घ्या.

कोणाविरुद्ध? प्रतिस्पर्धी असेल तर नेहमीचा नियम. आपल्याच संघातला खेळाडू, राखीव खेळाडू, संघाचा अधिकारी किंवा तुम्ही स्वतः असाल तरीही मैदानातल्या मारहाणीला डायरेक्ट फ्री किकच. म्हणजे डिफेंडरने स्वतःच्या पेनल्टी एरियात स्वतःच्याच कीपरला ठोसा मारला तर समोरच्या संघाला पेनल्टी. ऐकायला गंमत वाटते, पण संघातल्या संघात जुंपतं. 2 एप्रिल 2005 रोजी न्यूकॅसलचे ली बॉयर आणि कीरन डायर ॲस्टन व्हिलाविरुद्धच्या सामन्यात एकमेकांना भिडले आणि दोघांनाही लाल कार्ड मिळालं. नुसती शिवीगाळ असेल तर, कोणालाही असो, इनडायरेक्ट फ्री किक.

प्रेक्षक, बॉल बॉय असा बाहेरचा माणूस असेल तर फ्री किक नाही. खेळाडूला लाल आणि ड्रॉप बॉल (रेफरीने बॉल खाली टाकून खेळ सुरू करणं). तो खेळाडू परवानगीशिवाय मैदान सोडून गेला म्हणून खेळ थांबवला असेल तर जिथून बाहेर पडला त्या रेषेवर इनडायरेक्ट. आणि पहिला प्रश्न इथेही विसरायचा नाही. 2013च्या इंग्लंडमधल्या लीग कप उपांत्य सामन्यात स्वान्सीला चेल्सीच्या एडन हॅझार्डने बॉल बॉयच्या अंगाखालचा बॉल लाथेने काढला तेव्हा बॉल आधीच गोललाइनबाहेर गेलेला होता. अशा वेळी लाल दाखवून गोल किक.

मैदानात की बाहेर? बॉल खेळात असताना दोन प्रतिस्पर्धी घसरत टचलाइनबाहेर गेले आणि तिथे एकाने लाथ मारली, तर फ्री किक रेषेवर, फाऊलच्या सर्वांत जवळच्या बिंदूवर. गोललाइनचा जो भाग पेनल्टी एरियाची हद्द आहे त्याच्या मागे लाथ मारणारा बचाव करणाऱ्या संघाचा असेल तर पेनल्टी. बाहेर जाऊन स्वतःच्याच संघातल्या माणसाला मारलं तर मात्र रेषेवर इनडायरेक्ट.

फेकाफेकी आणि बेंच

काहीतरी फेकून मारणं हा मारण्याचाच प्रकार. बूट, शिनगार्ड, पाण्याची बाटली, काहीही असो. बेपर्वाई असेल तर पिवळं, अवाजवी जोर असेल तर लाल. गोंधळ होतो तो जागेवरून. इथे फेकणाऱ्याची जागा बघायची नाही. वस्तू जिथे लागली किंवा लागली असती ती जागा धरायची. डिफेंडर पेनल्टी एरियाबाहेर उभा राहून आतल्या स्ट्रायकरवर बूट भिरकावतो: पेनल्टी. तोच आत उभा राहून बाहेरच्यावर भिरकावतो: बाहेर डायरेक्ट फ्री किक. हातात धरलेल्या बुटाने किंवा शिनगार्डने बॉल अडवला तर तोही डायरेक्ट फ्री किकचा फाऊल.

राखीव खेळाडू किंवा प्रशिक्षक मैदानात घुसून खेळात अडथळा आणतो तेव्हाही डायरेक्ट फ्री किक, आणि त्याच्या स्वतःच्या पेनल्टी एरियात असेल तर पेनल्टी. राखीव खेळाडूला लाल दाखवलं तरी मैदानातल्या 11 जणांचे 10 होत नाहीत. समोरचा कर्णधार वाद घालायला येईल, त्याला शांतपणे एवढंच सांगा. बेंचवरून बाटली आली आणि कोणी फेकली ते कळलंच नाही, तर कार्ड टेक्निकल एरियात (बेंचभोवतीच्या ठरलेल्या जागेत) हजर असलेल्या सर्वांत वरिष्ठ प्रशिक्षकाला जातं. हा नियम माहीत असलेले प्रशिक्षक आपलं बेंच आपोआप काबूत ठेवतात, म्हणून नाणेफेकीच्या वेळी तो सहज कानावर घालून ठेवायला हरकत नाही.

दोघांनीही केलं तर

पहिल्याने ढकललं, दुसऱ्याने उलट चपराक मारली. खेळ पहिल्या फाऊलवर सुरू करायचा, कार्डं ज्याची त्याला. दोन्ही अगदी एकाच क्षणी घडलं तर जास्त गंभीर कृतीवर. सात-आठ जण गोळा झाले की मध्ये घुसून हात धरायला जाऊ नका. चार पावलं मागे या, सगळे दिसतील असे उभे राहा, शिट्टी जोरात वाजवा आणि नंबर टिपत राहा: सुरुवात कोणाची, आणि लांबून धावत येऊन भर घातली कोणी. हा लांबून आलेला बहुतेक वेळा सुटतो, आणि बहुतेक वेळा तोच आग भडकवतो. असिस्टंटपैकी जवळचा आत येईल, लांबचा बाहेरूनच बघत राहील, हे आधीच ठरवून ठेवा.

शेवटची पायरी: अहवाल

लाल कार्डाचा अहवाल त्याच दिवशी लिहा. त्यात मत नको, चित्र हवं. "खेळाडूने अत्यंत खुनशीपणे हल्ला केला" या वाक्यावरून शिस्तपालन समितीला काहीच कळत नाही. त्याऐवजी असं लिहा:

"63वं मिनिट, गुणफलक 1-1. बॉल खेळात, पांढऱ्या संघाच्या अर्ध्या भागात, घटनेपासून सुमारे 40 मीटरवर. निळा क्रमांक 6 याने स्वतःच्या पेनल्टी एरियात पांढरा क्रमांक 9 याच्या गालावर उजव्या हाताची मूठ मारली. जोर अवाजवी. घटना असिस्टंट रेफरी 2 यांनी सुमारे 15 मीटरवरून पाहिली व लगेच झेंडा उंचावला. क्रमांक 9 याच्यावर मैदानात उपचार, त्यानंतर तो खेळत राहिला. क्रमांक 6 याला हिंसक वर्तनासाठी बाहेर काढले. खेळ पेनल्टीने सुरू."

जे तुम्ही पाहिलं ते "मी पाहिले", जे असिस्टंटने पाहिलं ते त्याच्या नावावर, आणि त्याचा स्वतंत्र जबाब सोबत जोडा. दोघांनी एकत्र बसून शब्द जुळवू नका; एका वाक्यात थोडा फरक असला तरी चालतो. खेळाडू बाहेर जाताना काही बोलला असेल तर ते शब्द जसेच्या तसे लिहा, मध्ये फुल्या न घालता.